अमावस्या पुरेशी नसते: गुप्त लष्करी मोहिमेची घटका कशी ठरते

प्रश्न असा आहे की गुप्त छाप्यासाठी अमावस्येची, पावसाची रात्रच सर्वांत चांगली असते का, आणि हवामान व वेळेचा अशा मोहिमेवर नेमका काय परिणाम होतो.

सरळ उत्तर: नाही, ती रात्र नेहमीच चांगली नसते. पहाऱ्यावरची बाजू पाच गोष्टींनी जागी असते: उघडा डोळा, रात्रदर्शक दुर्बीण, थर्मल कॅमेरा, कान आणि कुत्र्याचं नाक. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या तासाला आणि वेगळ्या हवेत निकामी होते, आणि पाचही एकदम निकामी होतील अशी रात्र जवळजवळ सापडत नाही. म्हणून आधी दोन गोष्टी ठरवायच्या. समोरचा मुख्यतः कशाने बघतोय? आणि आपल्या योजनेतला सर्वांत नाजूक दुवा कोणता: हेलिकॉप्टर, दोर, नदीचा उतार (पायी ओलांडायची जागा), की पायी चालण्याचा वेग? जी हवा समोरच्याला आंधळं करते आणि आपला नाजूक दुवा तोडत नाही, ती आपली हवा.

प्रकाशाचे आकडे डोक्यात पक्के हवेत. निरभ्र पौर्णिमेला जमिनीवर साधारण ०.१ ते ०.२५ लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. अष्टमीला चंद्र अर्धा दिसतो, पण उजेड निम्मा नसतो; पौर्णिमेच्या जेमतेम दहावा हिस्सा असतो, कारण तिरप्या उन्हात चंद्राच्या पृष्ठभागावरच सावल्या पडलेल्या असतात. चंद्र नसताना नुसत्या चांदण्यांचा उजेड ०.००१ लक्सच्या आसपास, आणि वर दाट ढग आले की तोही दहा पटींनी घटतो. हे सगळं वस्तीपासून दूर. जवळ शहर असेल तर गणित उलटतं: ढग खालचे दिवे परत खाली फेकतात आणि ढगाळ रात्र निरभ्र रात्रीपेक्षा कितीतरी उजळ होते. 'ढग आहेत, बरं झालं' असं म्हणण्याआधी क्षितिजावरची ती पिवळट झाक बघावी.

रात्रदर्शक दुर्बीण असलेला उजेड वाढवते, स्वतः निर्माण करत नाही. पूर्ण ढगाळ अमावस्येला, दाट झाडीत, तिच्यातून नुसता हिरवा कण-कण दिसतो. अमेरिकी मरीन वैमानिक ०.००२२ लक्स ही सीमा धरतात. त्याखालची रात्र उड्डाणासाठी कमी उजेडाची मानली जाते. म्हणजे आपल्याकडे दुर्बिणी असतील आणि समोरच्याकडे नसतील, तर ठार काळोखापेक्षा थोडा चंद्र आपल्याच फायद्याचा. चंद्र कुठे आहे हेही तितकंच महत्त्वाचं. समोर खाली लोंबणारा चंद्र दुर्बिणीत झळाळी आणतो, पाठीमागचा चंद्र आपली सावली पुढे टाकतो. शिवाय नेहमीच्या दुर्बिणीतून जेमतेम ४० अंशांचं दृश्य दिसतं आणि खोलीचा अंदाज येत नाही. कोरड्या ओढ्याची कड आणि सपाट रस्ता त्यात सारखेच दिसतात, आणि पाय मुरगळण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

चंद्र किती आहे यापेक्षा तो कधी आहे हे जास्त उपयोगाचं, आणि तिथी माहीत असली की हा हिशेब तोंडी होतो. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि मावळतो. शुद्ध पंचमीला तो रात्री दहाच्या सुमारास मावळतो, शुद्ध अष्टमीला मध्यरात्रीच्या आसपास. वद्य अष्टमीला मध्यरात्रीच्या आसपास उगवतो. शुद्ध पक्षात वाटचालीला उजेड आणि कामगिरीला काळोख मिळतो, वद्य पक्षात उलटं. इतिहासात दोन्ही निवडी सापडतात. शाएस्तेखानावरचा १६६३ चा छापा चैत्र शुद्ध अष्टमीच्या रात्री, रमजानच्या महिन्यात पडला. १६७० मध्ये सिंहगडाची चढाई माघ वद्य नवमीला झाली. त्या तिथीला चंद्र उगवतो तोच मध्यरात्र उलटल्यावर. आणि १६६० चा पन्हाळ्याचा वेढा आषाढातल्या पौर्णिमेच्या सुमारास, भर पावसात ओलांडला गेला. पंचांगात चंद्र पूर्ण होता, पण आभाळ आणि चिखल त्याहून मोठे ठरले.

उघड्या डोळ्याबद्दल एक गोष्ट बहुतेक योजनांत सुटते. उजेडातून काळोखात आल्यावर डोळा दहा मिनिटांत थोडा सरावतो, पूर्ण सरावायला तीस ते चाळीस मिनिटं लागतात. पहारा बदलताना दिवे लावलेल्या खोलीतून बाहेर आलेला माणूस पहिला अर्धा तास खरं म्हणजे अर्धा आंधळा असतो. पहाटे तीन ते पाच ही वेळ छाप्यासाठी निवडतात, कारण तेव्हा शरीराचं तापमान आणि सावधपणा दोन्ही तळाला असतात. पण पहारा तीनला बदलत असेल तर साडेतीनचा पहारेकरी ताजा असतो आणि त्याचे डोळेही सरावलेले असतात. अडीचचा मात्र थकलेला. घड्याळातल्या 'झोपेच्या वेळे'पेक्षा त्या जागेचं पहाऱ्याचं वेळापत्रक जास्त खरं बोलतं. आपल्या बाजूचा नियम सोपा: एका डोळ्यावर हात ठेवल्याशिवाय कुठल्याही दिव्याकडे बघायचं नाही, आणि काळोखात संशयास्पद वस्तूकडे थेट न बघता तिच्या थोडं बाजूला बघायचं. डोळ्याचा मधला भाग मंद उजेडात काम करत नाही.

आता वेळेचा खरा हिशेब. तो संध्याकाळपासून पुढे मोजायचा नाही, पहाटेपासून मागे मोजायचा. सूर्य क्षितिजाखाली १२ अंशांवर आला की सागरी संधिप्रकाश सुरू होतो. माणसाची आकृती आभाळावर उठून दिसायला तेवढा पुरतो. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ वर येतो, त्यामुळे दर सहा अंशांना सुमारे २४ मिनिटं, म्हणजे सूर्योदयाआधी पाऊण तासच हातात असतो. उत्तरेकडे सरकाल तसा हा काळ लांबतो, आणि साधारण साडेचोपन्न अक्षांशाच्या पलीकडे जूनच्या ऐन मध्यावर सूर्य १२ अंश खाली जातच नाही. तिथे त्या दिवसांत ज्याला रात्र म्हणता येईल असा काळोखच नसतो.

एक उदाहरण मांडून बघू. सूर्योदय ६:२०, संधिप्रकाश ५:२५ ला सुरू. सगळ्यांनी ५:०० ला आडोशाला पोचलेलं असावं, त्यात २० मिनिटं राखीव, म्हणजे ४:४०. परतीची वाट ४ किलोमीटर. रात्री, ओझ्यासह, आवाज न करता ताशी दीड किलोमीटर हा चांगला वेग आहे, म्हणजे २ तास ४० मिनिटं. लक्ष्य सोडायची वेळ २:००. तिथलं काम २० मिनिटांचं: १:४०. शेवटचे ३०० मीटर सरपटत, थांबत, ऐकत: एक तास, म्हणजे १२:४०. त्याआधी शेवटच्या थांब्यावर अर्धा तास नुसतं ऐकणं: १२:१०. जातानाची वाट ६ किलोमीटर, चार तास: निघायची वेळ रात्री ८:१०. संध्याकाळचा संधिप्रकाश ७:१५ ला संपतो. म्हणजे ५५ मिनिटं हातात. योजना सुखाची वाटते.

आता याच योजनेवर दुपारचा पाऊस पाडा. जमीन भुसभुशीत झाली, वेग दीडवरून एक किलोमीटरवर आला. जाताना दोन तास जास्त, येताना १ तास २० मिनिटं जास्त. एकूण २०० मिनिटांची तूट. हातातली ५५ आणि राखीव २० वजा केली तरी १२५ मिनिटं कमी पडतात. पावसाने पावलांचा आवाज झाकला खरा, पण तुकडीला दोन तास उशिरा, लख्ख उजेडात आणून सोडलं. गुप्त मोहिमा उघड्या पडण्याचं हे अगदी साधं कारण आहे, आणि ते शत्रूच्या हुशारीत शोधलं जातं याचं वाईट वाटतं. पाऊस पडला की वेगाचा आकडा बदला, मगच बाकीचं बोला.

थर्मल कॅमेऱ्याला उजेडाशी देणंघेणं नाही. त्याला तापमानातला फरक दिसतो. माणसाची उघडी त्वचा साधारण ३० ते ३५ अंश सेल्सिअस. रात्री जमीन १० अंशांवर असेल तर माणूस दिव्यासारखा चमकतो. उन्हाळ्याच्या संध्याकाळी खडक ३३ अंशांवर असताना तोच माणूस खडकात विरघळतो. दिवसातून दोनदा, सूर्योदयानंतर आणि सूर्यास्ताच्या आसपास, पार्श्वभूमी आणि वस्तू यांची तापमानं एकमेकांना ओलांडतात आणि चित्र सपाट होतं. पेच असा की नेमक्या त्याच वेळी उघडा डोळा चांगला काम करतो. ही फट साधायची तर सोबत धुकं, पाऊस किंवा धूळ हवी.

पावसाचा खरा फायदा इथे आहे. तो माती, झाडं, भिंती सगळ्यांना एका तापमानावर आणतो, आणि ओला बाहेरचा कपडाही आजूबाजूच्या जवळ जातो. धुकं त्याहून प्रभावी: थर्मल कॅमेरा ८ ते १४ मायक्रॉनच्या लहरींवर चालतो आणि धुक्याचे थेंबही बऱ्याचदा त्याच मापाचे असतात, त्यामुळे लहरी वाटेतच गिळल्या आणि विखुरल्या जातात. उलट, पाऊस थांबून दोन-तीन तास झाले, आभाळ मोकळं झालं, जमीन गार पडली की कॅमेऱ्याला अगदी स्वच्छ चित्र मिळतं. बराच वेळ पडून राहिलेली जागा माणूस उठून गेल्यावरही काही मिनिटं ऊबदार दिसते, हेही लक्षात ठेवा.

आवाजाच्या बाबतीत लोकांचा अंदाज हमखास चुकतो. आपला आवाज ऐकू जाण्याच्या दृष्टीने निरभ्र, शांत, चांदण्यांची रात्र सर्वांत वाईट. दिवसा जमीन तापलेली असते, आवाज वर वळतो आणि काही शे मीटरवर विरतो. रात्री जमीन थंड आणि वरची हवा ऊबदार असा उलटा थर बसतो, आणि तोच आवाज परत खाली वाकून दूरवर जातो. दिवसा न ऐकू येणारी बंदुकीच्या खटक्याची टकटक किंवा बुटाखालचा खडा पहाटे कितीतरी लांबून कळतो. वारा पहारेकऱ्याकडून आपल्याकडे असेल तर आवाज त्याच्यापर्यंत पोचण्याआधी वर उचलला जातो. झुळूक सतत नसते, ती लाटेसारखी येते. अनुभवी माणूस झुळुकीबरोबर चालतो आणि ती पडली की थांबतो. कोरडा पाचोळा मध्यरात्री कडकडतो. दव पडल्यावर तोच मऊ होतो.

दवाचा दुसरा चेहरा मात्र घातक आहे. दवाने भरलेलं गवत पहाटेच्या तिरप्या उजेडात रुपेरी दिसतं. त्यातून कोणी चालून गेलं की थेंब झडतात आणि त्या रुपेरी पटावर एक गर्द हिरवी रेघ उमटते, सरळ लपण्याच्या जागेपर्यंत. ऊन वर येऊन दव सुकेपर्यंत ती पुसत नाही. वाटेवरची कोळ्याची तुटलेली जाळीही तीच गोष्ट सांगतात. दव पडणार असेल तर शेवटचा टप्पा खडकावरून, ओढ्याच्या पात्रातून किंवा झाडांखालून ठेवा. झाडाखाली दव कमी पडतं. पावसाचंही असंच: चालल्यानंतर पडलेला पाऊस माग पुसतो, चालण्याआधी पडलेला पाऊस प्रत्येक पाऊल चिखलात कोरून ठेवतो.

कुत्र्याच्या नाकासाठी वाऱ्याची दिशा तासागणिक बघावी लागते. डोंगरात दिवसा हवा उतारावरून वर चढते, सूर्यास्तानंतर थंड होऊन खाली वाहते. त्यामुळे रात्री खालून चढताना वास आपल्या मागे, दरीत जातो. सकाळी ऊन उताराला लागलं की दिशा फिरते आणि तोच वास वर ठाण्यात पोचतो. किनाऱ्यावर रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणून समुद्रातून येणाऱ्याला तो सोयीचा. दमट, थंड, निवांत हवेत वास जमिनीलगत तासन्‌तास साचून राहतो.

धुक्यावर योजना बांधायची असेल तर ते कधी येतं ते नीट समजून घ्या. निरभ्र आभाळ, मंद वारा, ओली जमीन, आणि तापमान व दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) यांतला फरक दोन-तीन अंशांच्या आत आला की उत्तररात्री धुकं धरतं. ते सर्वांत दाट सूर्योदयाच्या आसपास होतं, बऱ्याचदा सूर्य उगवल्यावर थोडा वेळ आणखी घट्ट होतं आणि मग एक ते तीन तासांत उडतं. त्यामुळे ते पायी परतणाऱ्या तुकडीला वरदान असतं आणि तिला न्यायला येणाऱ्या हेलिकॉप्टरला शाप.

हेलिकॉप्टर आणि हवा यांचं नातं सगळ्यांत निष्ठुर. हवा गरम झाली की विरळ होते, उचल कमी पडते. वैमानिकांचा ठोकताळा: त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा प्रत्येक जादा अंशाला हेलिकॉप्टर १२० फूट अधिक उंचीवर असल्यासारखं वागतं. ४,००० फुटांवर प्रमाण तापमान ७ अंश. प्रत्यक्षात २७ असेल तर २० अंशांचे २,४०० फूट, म्हणजे यंत्राला ६,४०० फुटांवर असल्यासारखं वाटतं. मे २०११ मध्ये पाकिस्तानातल्या अबोटाबादला ओसामा बिन लादेनवर घातलेल्या अमेरिकी छाप्यासाठी रात्र अमावस्येजवळची निवडली होती, काळोखाचं गणित बरोबर होतं. पण हवा अपेक्षेपेक्षा गरम होती, आणि आवाराच्या उंच भक्कम भिंतींमुळे रोटरने खाली ढकललेली हवा बाहेर न पसरता परत वर आली. सरावाच्या जागी भिंतींऐवजी जाळीचं कुंपण होतं, म्हणून ही गोष्ट सरावात दिसलीच नाही. पहिलं हेलिकॉप्टर आवारातच कोसळलं.

एप्रिल १९८० ची इराणमधली ओलिसांच्या सुटकेची अमेरिकी मोहीम तर हवामानाच्या अभ्यासकाने पाठच करावी. आठ हेलिकॉप्टर निघाली, पुढे जायला किमान सहा हवी होती. एक पात्याच्या बिघाडाच्या इशाऱ्याने वाटेत सोडावं लागलं, एक हवेत तरंगणाऱ्या बारीक धुळीच्या ढगात दिशा हरवून परत फिरलं, एकाची हायड्रॉलिक यंत्रणा गेली. उरली पाच, मोहीम रद्द. माघारी निघताना रोटरनेच उडवलेल्या धुळीत एक हेलिकॉप्टर विमानावर आदळलं आणि आठ जण गेले. नंतरच्या चौकशीत ठळकपणे पुढे आलं की गुप्ततेच्या नावाखाली वैमानिकांचा हवामान अधिकाऱ्यांशी थेट संपर्कच ठेवला नव्हता. अशा धुळीच्या लोटांची शक्यता कागदावर होती, उडणाऱ्यांच्या डोक्यात नव्हती. हवामान सांगणाऱ्याला गुप्ततेच्या वर्तुळात घ्या. तो बाहेर राहिला तर वर्तुळ सुरक्षित राहतं आणि माणसं जातात.

बर्फातही तेच. एप्रिल १९८२ मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटाच्या फॉर्चुना हिमनदीवर उतरलेल्या ब्रिटिश तुकडीला काढताना, आभाळ आणि जमीन एकच पांढरी झाल्यामुळे दोन वेसेक्स हेलिकॉप्टर पडली. तिसऱ्याने सगळ्यांना बाहेर काढलं. पॅराशूटला वाऱ्याची मर्यादा आहे: सरावात ती साधारण १३ नॉट, म्हणजे सेकंदाला पावणेसात मीटर. २५० मीटरवरून उतरायला सुमारे ४५ सेकंद लागतात, तेवढ्यात माणूस ३०० मीटर वाहतो. छोट्या ड्रोनला सेकंदाला १० ते १२ मीटर वारा जड जातो. पहाऱ्याचा ड्रोन जमिनीवर बसवणारा वारा आपल्यालाही टेहळणीविना ठेवतो, पण तोच वारा कुंपणावरच्या कंपनसंवेदकांना इतके खोटे इशारे द्यायला लावतो की पहारेकरी शेवटी त्यांची संवेदनशीलता कमी करतात.

समुद्रात चंद्र आणि भरती एकाच दोरीला बांधलेले आहेत. उधाणाची भरती फक्त अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास, आणि कुठल्याही एका किनाऱ्यावर ती दर वेळी जवळजवळ त्याच घड्याळी वेळेला. दिवसाला दोन भरत्या येणाऱ्या किनाऱ्यावर ती वेळ सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराची असेल तर ऐन मध्यरात्री उधाण मिळणारच नाही, कितीही महिने थांबा. फेब्रुवारी १९४२ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर ब्रुनेव्हाल इथे जर्मन रडारवर घातलेल्या छाप्याला पौर्णिमेजवळचा चंद्र हवा होता, म्हणजे छत्रीधारी सैनिकांना जमीन दिसेल, आणि चढती भरती हवी होती, म्हणजे नौका किनाऱ्याला लागतील. हवा खराब म्हणून रात्रीमागून रात्र पुढे ढकलली. शेवटी मिळालेल्या रात्री जमिनीवर बर्फ होतं, चांदण्यात त्यावर गडद कपडे उठून दिसत होते. तरी काम झालं, कारण वेग आणि अचानकपणा टिकला. पाण्यात उतरणाऱ्यांनी आणखी एक बघावं: काही समुद्रांत, काही ऋतूंत, हलवलेलं पाणी स्वतःच निळसर उजळतं. काळोख्या रात्री पोहणाऱ्याच्या मागे प्रकाशाची रेघ उमटते, आणि तेव्हा थोडा चंद्र असलेलाच बरा.

आता सर्वांत दुर्लक्षित भाग, रद्द करण्याच्या मर्यादा. त्या निघण्याच्या आदल्या दिवशी आकड्यांत लिहायच्या: वारा इतक्या नॉटपेक्षा जास्त, ढगांचा तळ इतक्या फुटांखाली, नदी या खुणेच्या वर, अमुक वेळेपर्यंत शेवटचा थांबा गाठला नाही, तर परत. नदीच्या खुणेला विशेष जपा. पाऊस वरच्या खोऱ्यात पडतो आणि पाणी आपल्याकडे काही तासांनी, निरभ्र आभाळाखाली चढतं. जाताना कमरेएवढा असलेला उतार परतताना गळ्याशी येतो.

आणि 'आज नाही तर उद्या' म्हणताना जुनं वेळापत्रक पुढे सरकवू नका. एका दिवसाने चंद्र आणि भरती दोन्ही सुमारे ५० मिनिटांनी हलतात, सूर्य मात्र जागच्या जागी. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीला छत्रीधारींसाठी चांदणं आणि पहाटेच्या सुमारास ओहोटी असे तीनच दिवस जुळत होते: ५, ६ आणि ७. पाच तारीख वादळाने घेतली. सहा गेली असती तर सातला ओहोटी आणखी उशिरा, जास्त उजेडात आली असती, आणि त्यानंतर ओहोटीसाठी दोन आठवडे, चंद्रासह ओहोटीसाठी जवळजवळ महिना थांबावं लागलं असतं. आपली मोहीम दहा माणसांची असली तरी एक रात्र पुढे गेली की वरचा मागे मोजलेला हिशेब पहिल्या ओळीपासून नव्याने मांडा.